हरणाचा टॅग कोणी छापायचा?



वनहक्क कायद्याचा अभ्यास आपल्या गटांत सुरू झाल्यापासून एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक बैठकीत येतो. २००६ च्या या कायद्याच्या कलम ३ मध्ये आदिवासींच्या हक्कांची यादी आहे. बांबू, तेंदू, मध, मासे, पाणवठे, गुरांची चराई असे बरेच काही त्यात आहे. परंपरेने चालत आलेला इतर कोणताही हक्कही त्यात धरला आहे. फक्त रानप्राण्यांची शिकार, त्यांना सापळ्यात धरणे आणि त्यांच्या शरीराचा भाग काढणे एवढे नाव घेऊन वगळले आहे. हे वाचले की कोणीतरी विचारतेच, "ताई, असा हक्क जगात कुठे कुणा आदिवासींना आहे का? आणि असेल तर तिथले जंगल रिकामे झाले नाही का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून या अंकाच्या अभ्यासासाठी मी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्य आणि तिथले ओजिब्वे लोक निवडले आहेत. त्यांना चिप्पेवा असेही म्हणतात. निवडण्याचे कारण असे की तिथे हरणाच्या शिकारीचा परवाना, त्याचा टॅग आणि आदिवासींचा हक्क या तिन्हींवर न्यायालयात अनेक वर्षे वाद झाला आणि प्रत्येक गोष्ट कागदावर उतरली. आधीच सांगते, मी शिकारीची बाजू मांडायला बसलेली नाही. आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. माझे शिक्षण ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचे आणि काम पाड्यांवरचे. पण नियम कोण करतो आणि तो कोणावर चालतो, हा प्रश्न पाड्यावर रोजचा आहे. तो समजून घ्यायला विस्कॉन्सिनचे हरीण बरे पडते.

आधी परवाना आणि टॅग यांतला फरक पाहू. परवाना माणसाला मिळतो: या माणसाने या हंगामात शिकार केली तर चालेल. टॅग हरणाचा असतो: या माणसाने एवढीच हरणे मारायची, एका टॅगवर एकच हरीण. टॅग म्हणजे क्रमांक असलेली चिठ्ठी किंवा पट्टी. हरीण पडले की ती त्याच्या शिंगाला किंवा कानाला बांधायची आणि मग ठरलेल्या केंद्रावर नेऊन नोंद करायची. रेशनचे कार्ड आणि त्यावरचा शिक्का यांच्यासारखेच हे नाते आहे. कार्ड वर्षभर चालते, पण शिक्का पडला की त्या महिन्याचे धान्य संपले.

टॅगमध्येही दोन जाती असतात. शिंगवाल्या नराचा एक आणि बिनशिंगी हरणाचा, म्हणजे मुख्यतः मादीचा, दुसरा. सगळे राजकारण या दुसऱ्या टॅगभोवती फिरते. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे काही नर मारले तरी पुढच्या वर्षी पाडसे तेवढीच जन्मतात. हरणे वाढवायची की घटवायची हे मादीच्या टॅगांच्या संख्येवर ठरते. शेतकऱ्याला वाटते जास्त टॅग द्या, पीक वाचेल. शिकाऱ्याला वाटते कमी द्या, पुढच्या वर्षी जंगलात हरीण दिसले पाहिजे. १९४३ साली विस्कॉन्सिनमध्ये हरणे इतकी झाली होती की हिवाळ्यात उपाशी मरत होती. प्रसिद्ध वन्यजीव शास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड तेव्हा राज्याच्या आयोगावर होते. त्यांच्या आग्रहाने माद्या मारायलाही परवानगी दिली गेली. लोक इतके भडकले की त्या हंगामाला पुढे कित्येक वर्षे '४३ चा गुन्हा म्हणत.

ही पद्धत मुळात आली ती लुटीला आळा घालायला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विस्कॉन्सिनची जंगले तोडली गेली आणि बाजारासाठी शिकार करणाऱ्यांनी हरणाचे मांस आगगाडीने शिकागोला पाठवले. राज्याच्या मोठ्या भागातून हरीण दिसेनासे झाले. तेव्हा शतकाच्या अखेरीस परवाना आला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टॅग आला. नियम चांगलाच होता, त्याने हरीण वाचले. पण ज्यांनी जंगल रिकामे केले नव्हते त्यांच्यावरही तो तेवढ्याच जोराने चालला, आणि त्यांच्याजवळ तर त्याहून जुना कागद होता.

तो कागद म्हणजे करार. ओजिब्वे लोकांनी अमेरिकेच्या सरकारशी १८३७, १८४२ आणि १८५४ साली करार केले. आज ज्याला विस्कॉन्सिनचा उत्तर भाग म्हणतात तो सगळा मुलूख, शिवाय मिशिगन आणि मिनेसोटातील काही भाग, त्यांनी सरकारला दिला. पण देताना शिकार, मासेमारी आणि रानतांदूळ गोळा करण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला. आपल्या कोकणात जमीन विकताना कोणी 'आंब्याचे झाड राखून' विकतो ना, तसेच. जमीन घेणाऱ्याची, पण झाडाखाली येऊन आंबे काढायचा हक्क देणाऱ्याचा. असा व्यवहार ज्याने पाहिला आहे त्याला हेही माहीत असेल की दोन पिढ्यांनी घेणाऱ्याची नातवंडे म्हणतात, "कसले झाड? आमच्या जमिनीत पाऊल टाकू नका."

ओजिब्वेंच्या बाबतीत दोन पिढ्याही लागल्या नाहीत. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी त्यांना पश्चिमेकडे हलवायचा हुकूम काढला. करारानुसार मिळायचे पैसे आणि सामान नेहमीच्या जागी न देता, थंडीच्या तोंडावर दूर मिनेसोटातील सँडी लेक येथे बोलावून देण्याचे ठरवले. लोक गेले. सामान वेळेवर आले नाही, जे आले त्यातले बरेच कुजलेले होते. तिथे आणि परतीच्या वाटेवर, बर्फात, रोगाने आणि उपासमारीने सुमारे ४०० माणसे मेली. त्यांचे म्हातारे सरदार केचेवाइश्के, ज्यांना इंग्रजीत चीफ बफेलो म्हणतात, १८५२ साली नव्वदीच्या घरात असताना होडी, जहाज आणि आगगाडी असा प्रवास करून वॉशिंग्टनला गेले आणि राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटले. हुकूम मागे घेतला गेला. १८५४ च्या कराराने ओजिब्वे आपल्या मुलखातच राखीव गावांत राहिले.

पण राखीव गाव लहान, आणि हरीण गावाची हद्द पाहून चरत नाही. बाहेरच्या जंगलात गेलेला ओजिब्वे माणूस राज्याच्या नजरेत बिनपरवाना शिकारी झाला. १९०८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की विस्कॉन्सिन १८४८ मध्ये राज्य झाले तेव्हाच हे हक्क संपले. पुढची साठ-सत्तर वर्षे ओजिब्वे लोक रात्री, लपून, अटकेच्या भीतीने तेच करत राहिले जे त्यांच्या आजोबांनी कराराच्या भरवशावर उघड केले होते. मुलांच्या ताटात मांस वाढायचे आणि ते कुठून आले हे शाळेत सांगू नका म्हणायचे, असे घर कसे असते हे मला आपल्याकडच्या पाड्यांवरून चांगले कळते.

१९७४ मध्ये लाक कूर्ट ओरेय या ओजिब्वे गावच्या दोन भावांनी राखीव हद्दीबाहेरच्या पाण्यावर, बर्फाला भोक पाडून, भाल्याने मासे मारले आणि राज्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पकडले. जमातीने दंड भरून प्रकरण मिटवले नाही, संघीय न्यायालयात गेली. १९७८ मध्ये हरली. अपिलात २५ जानेवारी १९८३ रोजी शिकागोच्या न्यायालयाने निकाल फिरवला: करारातले हक्क कधीच संपले नव्हते. राज्याच्या निसर्गसंपत्ती विभागाचे त्या वेळचे प्रमुख लेस्टर वॉइग्ट हे प्रतिवादी होते, म्हणून तो वॉइग्ट निकाल म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

आपल्याकडे अशा निकालानंतर आपण पेढे वाटतो आणि बातमी छापतो. खरे काम तिथून पुढे सुरू होते, आणि या अभ्यासाचा गाभा तिथेच आहे. हक्क आहे हे ठरले. पण किती हरणे? कोणत्या महिन्यांत? कोणत्या हत्याराने? मोजणार कोण? नियम मोडला तर शिक्षा कोण देणार? पुढची आठ वर्षे एकेक मुद्द्यावर सुनावणी झाली, माशांची वेगळी आणि हरणांची वेगळी. राज्याचे म्हणणे साधारण असे की हक्क तुमचा असेल, नियम आमचे. न्यायालयाने मात्र एक सूत्र धरले: प्राणी टिकावेत म्हणून किंवा माणसांच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठी खरोखर गरजेचे असेल तेवढेच राज्याने आदिवासींवर लादावे, आणि जमातीने स्वतः पुरेसे चांगले नियम करून ते पाळून दाखवले तर राज्याने त्यात पडू नये.

आता हे वाक्य दुधारी आहे. त्यात सन्मान आहे, तसेच ओझेही आहे. नियम स्वतः करायचे म्हणजे वन्यजीव शास्त्रज्ञ हवेत, पहारेकरी हवेत, नोंदणी केंद्रे हवीत, न्यायालय हवे. ओजिब्वेंनी ते उभे केले. १९८४ मध्ये वेगवेगळ्या गावांनी मिळून ग्रेट लेक्स इंडियन फिश अँड वाइल्डलाइफ कमिशन स्थापन केले. त्याची कचेरी बॅड रिव्हर या राखीव क्षेत्रातील ओडाना गावी आहे. आज तीन राज्यांतील ११ ओजिब्वे जमाती त्याच्या सभासद आहेत. त्यांचे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आहेत, स्वतःचे वन्यजीव रक्षक आहेत. हद्दीबाहेर शिकार करणारा जमातीचा माणूस राज्याच्या दुकानातून टॅग घेत नाही, आपल्या जमातीकडून घेतो. हरीण पडले की त्याला तो टॅग लावतो आणि जमातीच्या केंद्रावर नोंदवतो. नियम मोडला तर जमातीच्या न्यायालयात उभा राहतो.

१९९० मध्ये न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी हरणांबाबतचा निकाल दिला. जे काही मारता येण्याजोगे आहे त्याचा अर्धा वाटा जमातींचा आणि अर्धा इतर सगळ्यांचा. खासगी जमिनीवर जमातीचा हक्क चालणार नाही, सार्वजनिक जंगलातच चालेल. रात्री दिवा दाखवून हरीण मारायला बंदी, कारण ते धोक्याचे. १९९१ मध्ये अंतिम निकाल झाला आणि दोन्ही बाजूंनी अपील न करण्याचे ठरवले.

अर्धा वाटा ऐकून गोऱ्या शिकाऱ्यांत मोठी खळबळ उडाली होती. त्याआधीच मासेमारीवरून वातावरण पेटलेले होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी वसंत ऋतूत ओजिब्वे लोक तळ्यावर भाले घेऊन उतरत, तेव्हा काठावर जमलेला जमाव शिव्या देई आणि दगड फेकी. ख्रिस्ती मंडळ्यांतील सभासदही इतर नागरिकांबरोबर त्या काठांवर रात्री उभे राहिले. काही करायला नाही, नुसते पाहायला आणि लिहून ठेवायला, म्हणजे मारहाण झाली तर साक्षीदार असावा. देणगी देणाऱ्या आपल्या वाचकांसाठी हे मुद्दाम नोंदवते. पैसा न लागणारी अशी सेवाही असते, आणि ती थंडीत पाय गोठवणारी असते. दंगा चालू असतानाच राज्याने शाळांतून कराराचा आणि जमातींचा इतिहास शिकवणे बंधनकारक करणारा कायदा केला.

आणि अर्ध्या वाट्याचे पुढे काय झाले? विस्कॉन्सिनमध्ये दरवर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम असतो, त्यात लाखो माणसे जंगलात उतरतात. २००० साली राज्याच्या शिकाऱ्यांनी सगळे हंगाम मिळून ६ लाखांहून अधिक हरणे मारली. हद्दीबाहेर ओजिब्वे लोकांनी मारलेल्या हरणांचा वर्षाचा आकडा काही हजारांच्या वर गेलेला नाही. आपल्या बैठकीतल्या दुसऱ्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. जंगल रिकामे झाले नाही.

यानंतर राज्याने आपल्या शिकाऱ्यांसाठी टॅगची पद्धत कशी बदलली तेही पाहू, कारण तुलना त्यातच आहे. पूर्वी प्रत्येक शिकाऱ्याला पाठीवर मोठा क्रमांक टोचून फिरावे लागे, म्हणजे जमीनमालकाला लांबून नंबर टिपता येई. २०१६ मध्ये हा पाठीवरचा क्रमांक रद्द झाला. हरीण नोंदवायला पूर्वी पेट्रोल पंपावर किंवा खानावळीशेजारच्या केंद्रावर प्रत्यक्ष न्यावे लागे. तिथे गर्दी जमे, लोक एकमेकांची शिकार पाहत, आणि विभागाची माणसे हरणाचे ओठ बाजूला करून दात पाहून वय लिहून घेत. २०१५ पासून ही नोंद फोनवर किंवा संगणकावर घरबसल्या होऊ लागली. २०१७ पासून तर हरणाला टॅग बांधायचीही गरज राहिली नाही. परवान्यावरचा क्रमांक ध्यानात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत नोंद करायची. एकाच क्रमांकावर दोन हरणे मारली तर कळणार कसे, अशी तक्रार बऱ्याच जुन्या शिकाऱ्यांनी केली. मला ती रास्त वाटते. वयाची माहिती मिळवण्याचा एक साधा मार्गही त्यात गेला.

एक सुधारणा मात्र मनापासून आवडली. २०१४ पासून राज्याच्या ७२ परगण्यांसाठी हरीण सल्लागार समित्या नेमल्या. शेतकरी, जंगलवाले, पर्यटनवाले, शिकारी, सगळ्यांची माणसे त्यावर बसतात. वसंतात उघड बैठक घेऊन आपल्या परगण्यात हरणे वाढवायची, तेवढीच ठेवायची की कमी करायची हे ठरवतात आणि मादीचे टॅग किती द्यावेत याची शिफारस करतात. अंतिम निर्णय वरच होतो, पण आकड्याची सुरुवात खालून होते. ज्याचे पीक खाल्ले जाते आणि ज्याला हरीण हवे आहे ते दोघे एका टेबलावर बसून आकडा सांगतात. आपल्या तालुक्यात रानडुकराने भात लोळवला तर पंचनाम्याला कोण येईल याची आठवडाभर वाट पाहणाऱ्या बाईला ही कल्पना सांगून पाहा. तिला ती लगेच समजेल, आपल्यापेक्षा लवकर.

म्हणजे राज्याने आपल्या लाखो शिकाऱ्यांवर इतका विश्वास टाकला की टॅग बांधायलाही सांगितले नाही. आता याच काळातली दुसरी गोष्ट ऐका. रात्रीच्या शिकारीची.

बंदी घातली तेव्हा कारण सांगितले होते की अंधारात गोळी चालवणे धोक्याचे आहे. कारण खोटे नव्हते. पण २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत मेंदूचा एक जीवघेणा रोग सापडला, ज्याला तिथे सीडब्ल्यूडी म्हणतात. तो आवरायला राज्याने स्वतःचे नेमबाज नेमले आणि त्यांनी रात्री हरणे मारली. २०१२ मध्ये राज्याने लांडग्यांच्या शिकारीचा कायदा केला, त्यात सामान्य शिकाऱ्यांनाही रात्री शिकार करण्याची मुभा दिली. लांडगा ओजिब्वेंच्या परंपरेत माणसाचा भाऊ मानलेला आहे, तो भाग आणखी वेगळा. मग जमाती न्यायालयात गेल्या: तुमच्या माणसांना रात्र धोक्याची नाही, आमच्याच माणसांना कशी?

त्यांनी नुसता प्रश्न विचारला नाही, नियम लिहून नेले. रात्रीच्या शिकारीसाठी वेगळा परवाना. त्यासाठी सुरक्षिततेचा वरचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा. अंधारासारख्या परिस्थितीत नेमबाजीची परीक्षा द्यायची. ज्या जागी बसणार त्या जागेचा नकाशा काढून, गोळी चुकली तर मातीत जाऊन थांबेल असा उंचवटा मागे आहे हे दाखवून, आधी मंजुरी घ्यायची. राज्याच्या कोणत्याही हरीण परवान्यापेक्षा हे कडक होते. तरी न्यायाधीश क्रॅब यांनी पहिल्यांदा नाही म्हटले. २०१४ मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयात न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांच्या निकालाने प्रकरण परत पाठवले गेले: इतर राज्यांत जमाती रात्री हरणाची शिकार करतात, अपघात झाल्याचा पुरावा कुठे आहे? तो नव्हता. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्रॅब यांनी जुना निकाल बदलून परवानगी दिली.

अभ्यासगटांनी इथे थोडे थांबून बोलावे अशी माझी इच्छा आहे. एकाच राज्यात, एकाच हरणासाठी, बहुसंख्यांवर फोन करून सांगा एवढा विश्वास, आणि अल्पसंख्यांकडून नकाशा आणि परीक्षा. कोणी म्हणेल की कडक नियम जमातींनी स्वतःच केले. खरे आहे. पण त्यांना ते का करावे लागले, हेही विचारा. आपल्या ओळखीच्या आदिवासी मुलाला नोकरीच्या मुलाखतीत इतरांपेक्षा दुप्पट कागद का न्यावे लागतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना उत्तर शोधायला लांब जावे लागणार नाही.

शास्त्रातही शिकारीचा नियम आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात खाण्यास चालणाऱ्या प्राण्यांत हरीण आहे. त्याच पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, सहाव्या-सातव्या वचनात, वाटेत पाखराचे घरटे सापडले तर पिल्ले घ्यावी पण आईला सोडून द्यावे, असे सांगितले आहे. मला त्यात टॅगच दिसतो: घे, पण एवढेच, आणि पुढे वंश चालेल असे मागे ठेव. तो नियम वाटेने जाणाऱ्या कोणालाही लागू आहे. दुसरीकडे पहिल्या राजे पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शलमोनाच्या रोजच्या स्वयंपाकाची यादी आहे, त्यात बैलांबरोबर हरणे आणि सांबरेही आहेत. राजाच्या ताटातल्या हरणांचा आकडा तिथे दिलेला नाही, हे वाचताना लक्षात घ्यावे.

आता आपल्या देशाकडे. आपल्याकडेही शिकारीचे परवाने होते, हे तरुण वाचकांना नवल वाटेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी पकडणे असे वेगवेगळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते सगळे गेले. मूळ कायद्यात निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क राखून ठेवले होते, ते कलम आजही आहे. मुख्य भूमीवरच्या जमातींना तसे काही नाही. उपद्रवी प्राणी मारायची परवानगी द्यायची सोय कलम ११ मध्ये आहे, ती अधिकाऱ्याच्या हातात. ही बंदी उठावी असे मी म्हणत नाही. आपली जंगले विस्कॉन्सिनसारखी नाहीत, हरणे तेवढी नाहीत, आणि बंदी उठली तर पहिली गोळी पाड्यावरच्या माणसाची नसेल, गाडी घेऊन शहरातून येणाऱ्याची असेल. फासेपारधी बांधवांना तर शिकारीच्या परंपरेपायी आधीच किती सोसावे लागले आहे, ते आपण जाणतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला, पोलिसांच्या मनातून पुसायला अजून वेळ लागतो आहे.

पण टॅग कोणी छापायचा हा प्रश्न आपल्याकडे हरणाशिवायही आहे, आणि महाराष्ट्रात त्याचे एक उत्तर मिळालेले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू कायद्याने गावाचा झाला. पण तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचे पुस्तक वन विभागाकडे. बांबू तुमचा, चिठ्ठी आमची. चिठ्ठीशिवाय व्यापारी बांबू गाडीत घालत नाही, म्हणजे हक्क असून नसल्यासारखा. हे विस्कॉन्सिनच्या राज्याचेच म्हणणे होते, हक्क तुमचा आणि नियम आमचे.

गाव मागे हटले नाही. एप्रिल २०११ मध्ये त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१२ मध्ये वनहक्क कायद्याचे नियमच दुरुस्त झाले. आता गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देऊ शकते. याच कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला आहे. म्हणजे मोजणे, राखणे आणि नियम करणे ही ओजिब्वेंच्या कमिशनची कामे आपल्या ग्रामसभांनाही करता येतील, एवढी जागा कायद्यात आहे.

पुन्हा एकदा विस्कॉन्सिनला जाऊन थांबते. एल्क हा हरणाच्याच कुळातला, सांबराहून मोठा प्राणी तिथून नामशेष झाला होता. १९९५ मध्ये मिशिगनहून २५ एल्क आणून क्लॅम लेकजवळच्या जंगलात सोडले. ते वाढले. २०१८ मध्ये पहिल्यांदा शिकारीसाठी १० नरांचे टॅग काढले. ५ राज्याने आपल्या शिकाऱ्यांत वाटले, त्यातल्या चिठ्ठ्यांसाठी हजारो अर्ज आले. उरलेले ५ ओजिब्वे जमातींकडे गेले, आणि कोणी, कुठे, कशी शिकार करायची हे त्यांनी ठरवले. त्या वर्षी त्यासाठी कोणालाही न्यायालयात जावे लागले नाही.

पुढच्या तिमाहीत पाड्यांवर जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या प्रत्येक गावात विचारून या: वाहतूक परवान्याचे पुस्तक कोणाकडे आहे, शेवटची चिठ्ठी कोणत्या तारखेला फाडली, आणि त्यावर सही कोणाची आहे.